वाचली ती वाचली

रावकाका, तुमच्यामागे लोक तुमच्याबद्दल काय काय बोलताहेत ते ऐकलंत तर कानांवर हात ठेवाल. ऑफिसातून जो मेल फिरला, त्यात तुम्हाला ‘दूरदृष्टीचे’ म्हटलंय. चष्मा नसला की तुम्हाला ताटातली नारळाची चटणी आणि दही यातला फरक कळत नव्हता. ‘शांत आणि संयमी’ असंही म्हटलंय. हे लिहिणारा माणूस, तुम्ही सिरुसेरीच्या आपल्या ऑफिसच्या गेटबाहेर ऑटोवाल्याशी भांडत असताना, जवळपास कधी उभा राहिलेला नसणार. तो मेल वाचून मी हसले, मग बाथरूममध्ये जाऊन रडले, मग तोंड धुऊन मीटिंगला गेले. तुम्ही गेल्यापासून माझे दिवस असेच चाललेत.

गेल्या आठवड्यात तुमचं तेरावं झालं. पंगत उठल्यावर नलिनीकाकूंनी मला आतल्या खोलीत बोलावलं, दार लोटून घेतलं. त्या रडत नव्हत्या. हातात तुमचा पंचा होता, त्याच्या घड्या घालत होत्या आणि पुन्हा मोडत होत्या. म्हणाल्या, “गेले दोन महिने ते एकच बोलायचे मा. जेवता जेवता मध्येच थांबायचे, म्हणायचे, ‘मज ठाऊक होतं, तरी जाऊं दिलो.’ काय ठाऊक होतं म्हणून पुसले, तर सांगितले नाहीत. तू रोज त्यांच्या शेजारी बसायचीस. तुज ठाऊक असेल की?”

मी नाही म्हटलं. त्या दिवशी ते खरं होतं. सोमवारपासून खरं नाही. आता मला ठाऊक आहे, आणि काकूंना सांगायच्या आधी तुम्हाला सांगायला हवं. कारण तुमच्याशी मी एक खोटं बोललेय, आणि तुम्ही असेपर्यंत ते मागे घ्यायची हिंमत मला झाली नाही.

आठ वर्षांपूर्वी मी सोलापूरहून इथे चेन्नईला आले, तेव्हा ऑफिसात कुणी मराठी बोलणारं भेटेल अशी आशाही नव्हती. दुसऱ्याच आठवड्यात कँटीनमध्ये फोनवर आईशी भांडत होते. इथे कुणाला कळतंय, म्हणून चांगला आवाज चढवून. फोन ठेवला तर शेजारच्या टेबलावरचे जाड चष्म्याचे गृहस्थ रसम-भात कालवत म्हणाले, “आईवर इतकं रागें भरूं नको मा. तिज काय ठाऊक, इथं ऊन किती.” मी वळून पाहिलं. शब्द आमचेच, पण कुठल्या तरी जुन्या पत्रातून उठून आल्यासारखे, आणि हेल पक्का तमिळ. तुम्ही तंजावरचे मराठी. पिढ्यान्‌पिढ्या तिकडे, मग नोकरीसाठी चेन्नईत, आणि महाराष्ट्र म्हणाल तर आयुष्यात एकदा पाहिलेला मुंबईचा विमानतळ.

आपलं पहिलं भांडण भाषेवरूनच झालं. “तुझी मराठी बाटलेली आहे,” तुम्ही म्हणालात. “‘मतलब’ म्हणे. मतलब म्हणजे काये?” मी म्हटलं, तुमच्या मराठीला तर कर्त्या-कर्माचा पत्ताच नाही. तुम्ही ‘मी पत्र लिहिलो’ म्हणायचात, ‘मी काम केलो’ म्हणायचात. आणि आपलं काम एकत्र सुरू झालं तेव्हा एकदा मला विचारलंत, “काल पाठविलो ते वाचलीस का?” मी खो खो हसले. “काका, ‘वाचलंस का’ म्हणा. ‘वाचलीस’ म्हणजे जीव वाचला. अपघातातून वाचलीस, तापातून वाचलीस.” तुम्ही चष्मा काढून शर्टाला पुसलात, नीट विचार केलात, आणि म्हणालात, “मग बरोबरच की. वाचली ती वाचली.” त्यानंतर सुधारणं तर लांबच, मुद्दाम तेच म्हणत राहिलात.

मला तमिळ अक्षरं तुम्ही शिकवलीत, तीही मराठी शब्दांतून. जुन्या प्रिंटआउटच्या कोऱ्या बाजूवर तुम्ही तमिळ अक्षरांत मराठी लिहायचात आणि मी बोट ठेवून वाचायची. तुमच्या घरी पत्रं अशीच लिहीत, म्हणालात. बोली मराठी, अक्षर तमिळ. क, ख, ग, घ या सगळ्यांना मिळून तमिळमध्ये एकच अक्षर, त्यामुळे ‘गाढव’ आणि ‘काढव’ माझ्या लेखी एकच. मी वैतागायची. तुम्ही म्हणायचात, “वाचणाऱ्यास भाषा ठाऊक असेल तर एक अक्षर पुरे.” महिनाभरात मी बसच्या पाट्या वाचायला लागले. पण खरी गंमत वेगळीच होती. तुमच्या त्या चिठ्ठ्या ऑफिसातल्या तमिळ लोकांना वाचता यायच्या पण कळायच्या नाहीत, आणि पुढे महाराष्ट्रातून आलेल्या पोरांना कळल्या असत्या पण वाचता यायच्या नाहीत. त्या मजल्यावर दोन्ही जमणारी दोनच माणसं होती.

मग तुम्ही खेळ सुरू केलात. आपल्याकडे नियम होता, तुम्हीच घातलेला: कुणाचाही कोड दुसऱ्यानं वाचून मंजूर केल्याशिवाय आत जाणार नाही. तुमचासुद्धा नाही. तुमच्या कोडच्या रिव्ह्यूला मी. आणि तुम्ही त्या कोडमध्ये कुठे तरी, तो नीट चालतो का हे तपासणाऱ्या टेस्टसाठी जो नमुन्याचा मजकूर लागतो त्यात, एखादी ओळ तमिळ अक्षरांत मराठीतून लिहून ठेवायचात. ‘आज डबा काये?’ ‘छत्री विसरूं नको.’ ती सापडली की मी येऊन सांगायची, आणि गेटबाहेरच्या टपरीवरची फिल्टर कॉफी तुमच्याकडून. तुम्ही ‘काफी’ म्हणायचात. पहिली दोन वर्षं मी एकही काफी सोडली नाही.

मग तुम्ही तो खेळ बंद केलात. निदान मला तसं वाटलं. मी सीनियर झाले, हाताखाली माणसं आली, आता पोरखेळ नको असं तुम्ही ठरवलं असेल, अशी मी माझी समजूत करून घेतली. तुम्हाला कधी विचारलंही नाही.

आता लाखोट्याबद्दल. हे वाचून दुसऱ्या कुणाला कळायचं असेल तर ते सांगायला हवं. लाखोटा म्हणजे तुम्ही तरुणपणी लिहायला घेतलेली आणि नंतर कंपनीनं सांभाळायला घेतलेली लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपापल्या प्रोग्राममध्ये जोडून वापरायचा तयार कोड. अमेरिकेतल्या लोकांना ते तिथल्या आदिवासींचं नाव वाटायचं आणि तुम्ही दर वेळी लाख, बत्ती, मोहोर असं सगळं साग्रसंगीत समजावत बसायचात. तिचं काम एकच: सही तपासायची. विजेचा मीटर, लिफ्ट, दवाखान्यात सलाइनमधून औषध सोडणारा पंप, अशा यंत्रांना कंपनीकडून नवा प्रोग्राम येतो. तो खरंच कंपनीनं पाठवलाय की कुणा भामट्यानं, हे सोबतच्या डिजिटल सहीवरून ओळखायचं. सही खरी असेल तर आत घ्यायचं, खोटी असेल तर दारातूनच हाकलायचं. कुणाचंही नाव बघून विश्वास ठेवायचा नाही, हे तिचं ब्रीद.

तुमच्या आजोबांच्या मोडी कागदांची पेटी तुम्ही मला एकदा दाखवली होतीत. पत्राच्या माथ्यावर शिक्का, आणि मजकूर संपला की अगदी शेवटी एक लहानशी मोहोर. तेच मोर्तब. “इथं पत्र संपलं,” तुम्ही नखानं दाखवलंत. “याखालीं कोणी काही घुसडलं तर ते आमचं नव्हे.” मी जन्मभर ‘शिक्कामोर्तब झालं’ म्हणत आले होते आणि तो एकच शब्द समजत होते. तुम्हाला इतका आनंद झाला की तुम्ही काकूंना हाक मारून सांगितलंत, सोलापूरच्या पोरीस मोर्तब ठाऊक नाही.

सुरुवातीला मी तुमचा कोड ओळ न् ओळ वाचायची. चूक सापडावी म्हणून जिवाचं रान करायची. सापडायची नाही. वर्ष गेलं, दुसरं गेलं, एकही नाही. मग मी जरा भरभर वाचायला लागले. मग वरवर. मग ‘रावकाकांचं आहे ना’ म्हणून नुसतंच. ज्या लायब्ररीचं ब्रीद नाव बघून विश्वास ठेवू नका हे, तिच्यात मी तुमचं नाव बघून मंजुरीचं हिरवं बटण दाबत होते.

आणि वर तुमच्याशीच वाद घालत होते. आठवतंय? तुम्ही कोड कागदावर छापून, फूटपट्टी ठेवून, पेन्सिलीनं वाचायचात. मी म्हणायची, काका, झाडं कशाला मारता, टेस्ट सगळ्या हिरव्या आहेत, पास आहेत ना, मग झालं. तुम्ही म्हणायचात, “टेस्टला आपण जे पुसतो तेवढंच ती सांगते. न पुसलेलं कोण सांगेल?” मी म्हणायची, हा जुन्या लोकांचा हट्ट आहे. हा वाद आपण कितीदा अर्ध्यावर सोडला असेल. तुम्ही कंटाळून उठायचात आणि मला वाटायचं, जिंकले.

तीन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधी, तुम्ही सही तपासण्याचा तो भाग नव्यानं लिहिलात. जुना फार किचकट झाला होता. चारशेच्या वर ओळी. तुमचा निरोप आला तेव्हा मी एग्मोर स्टेशनच्या फलाटावर होते. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात आईसाठी घेतलेल्या साडीची पिशवी, आणि गाडी लागायला वीस मिनिटं. घरी कुणी आजारी नव्हतं, काही अडलं नव्हतं. दिवाळीला चालले होते, एवढंच. मी फोनवर ते उघडलं, अंगठ्यानं एकदा वर-खाली केलं, टेस्ट हिरव्या दिसल्या. ‘छान झालंय, काका’ असं लिहिलं आणि मंजूर केलं. मग पाण्याची बाटली घ्यायला गेले.

परत आले तेव्हा तुम्ही विचारलंत, “दिवाळी कशी झाली? काही सांगायचं आहे का मज?” मी म्हटलं, चकल्या आणल्यात. तुम्ही हसलात, चकली घेतलीत, कडक झालीय म्हणालात.

त्यानंतर पावणेतीन वर्षांनी तो मेल आला. तमिळ आडी महिन्याचे दिवस, बाहेर डांबर वितळत होतं आणि आपल्या मजल्यावरचा एसी बंद पडला होता. युरोपातल्या कुठल्याशा विद्यापीठातली एक मुलगी, संशोधन करणारी, अतिशय नम्रपणे लिहीत होती की तुमच्या लायब्ररीत बहुधा एक दोष आहे. सोबत एक नमुना जोडला होता. सही करायला लागणारी, फक्त कंपनीकडे असणारी गुप्त किल्ली तिच्याकडे नसताना तिनं बनवलेली सही. तुम्ही ती लाखोट्याला दिलीत. लाखोटा म्हणाला: सही वैध. तुम्ही पुन्हा चालवलंत. सही वैध. तिसऱ्यांदा मी तुमच्या खुर्चीमागे उभी होते.

दोष कळायला अर्धा तास लागला. सही उलगडली की आत एका ठरावीक क्रमानं सगळं असतं, आणि शेवटी मूळ मजकुराचा ठसा. त्या ठशानंतर काहीही नसायला हवं. तुमचा नवा कोड सुरुवात तपासत होता, क्रम तपासत होता, ठसा जुळवून पाहत होता आणि तिथेच थांबत होता. पुढे काही उरलंय का, हे बघतच नव्हता. त्या उरलेल्या जागेत हवा तो कचरा भरून, आकडे जुळवून, कुणीही खोटी सही खरी करून दाखवू शकत होतं. जुन्या कोडमध्ये त्यासाठी एक ओळ होती. नव्यानं लिहिताना ती राहिली. तुम्ही खुर्ची मागे सरकवलीत आणि हळूच म्हणालात, “मोर्तब राहिलं.”

मग तुम्ही मला जिन्यात घेऊन गेलात. तिथे कुणी येत नाही. तुम्ही कठड्याला टेकलात आणि म्हणालात, “तो रिव्ह्यू तुझ्याकडे होता.”

“हो काका.”

“पूर्ण वाचलीस? खालपर्यंत?”

काका, त्या क्षणी मला फलाट दिसला, बाटली दिसली, अंगठा दिसला. मला हेही दिसलं की हे चौकशीत निघालं तर माझं काय होईल. पण खरी भीती त्याची नव्हती. भीती तुमच्या चेहऱ्याची होती. तो कसा होईल, हे मला बघवणार नव्हतं.

“हो,” मी म्हटलं. “खालपर्यंत वाचलं. दोघांच्याही नजरेतून निसटलं.”

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. माझं वाक्य अजून संपलं नाही, पुढे काही येणार आहे, असे थांबून राहिलात. “खालपर्यंत,” तुम्ही पुन्हा म्हणालात, पण या वेळी तो प्रश्न नव्हता. मग म्हणालात, “सरी मा. चल, दुरुस्त करूं.”

दुरुस्ती एका ओळीची होती. ती मात्र टीममधल्या आपण चौघांनी वाचली. आणि तुम्ही जगाला सांगण्यासाठी निवेदन लिहिलंत. ‘चूक मी लिहिलेल्या कोडमधली आहे. तो तपासला गेला की नाही हे पाहण्याची जबाबदारीही माझीच होती.’ खाली तुमचं एकट्याचं नाव. सगळे म्हणाले, केवढं मोठं मन. मलाही तसंच वाटलं. आणि आणखी एक वाटलं, ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते: हायसं वाटलं.

त्यानंतर तुम्ही कोड लिहिला नाहीत. कुणी विचारलं तर डोळ्यांचं कारण सांगायचात. तुमच्या डोक्यातून तो दवाखान्यातला पंप जात नव्हता. “कुठं काही झालं असेल तर?” मी म्हणायची, काका, कुठूनही तक्रार आलेली नाही. “खोटी सही खरी ठरली तर तक्रार कोण करील मा? मागे खूणच राहत नाही.” झालं असेल तर कळणार नाही, आणि झालं नसेल तर तेही कळणार नाही. तुम्ही ते घेऊन रोज घरी जात होतात आणि सकाळी तसंच परत आणत होतात.

दोनदा तुम्ही म्हणालात, “वैदेही, तुज एक पुसूं?” दोन्ही वेळा मी घाईघाईनं दुसरंच काही काढलं. एकदा रिलीजची तारीख. एकदा तर, देवा, छत्री विकत घ्यायचीय, कुठून घेऊ, असं काहीतरी. तुम्ही दुकान सांगितलंत. पत्ता नीट लिहूनही दिलात.

मग त्या मंगळवारी सकाळी सातला काकूंचा फोन. दूध आणून, पिशवी ओट्यावर ठेवून, तुम्ही खुर्चीत बसलात आणि उठलाच नाहीत. डॉक्टर म्हणाले, जुना अडथळा होता, कधीही होऊ शकलं असतं. सगळ्यांनी ते ऐकून माना डोलावल्या. मीही डोलावली. पण हे असं कधीही होऊ शकलं असतं, तर ते आताच का झालं, हे मी कुणाला विचारू?

तेराव्यानंतर मॅनेजरनं सांगितलं, लाखोटा आता तुझ्याकडे. सोमवारी मी तुमच्या खुर्चीत नाही, शेजारच्या माझ्याच खुर्चीत बसले आणि पहिलं काम ते केलं जे तीन वर्षांपूर्वी करायचं होतं. तो बदल कागदावर छापला. तुमच्या ड्रॉवरमधून फूटपट्टी काढली, पेन्सिल काढली, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला बसले.

चूक सापडायला मला तासभरही लागला नाही. मला आधीच माहीत होती म्हणून नाही, काका. ठसा जुळवला, फंक्शन संपलं, आणि माझी पेन्सिल आपसूक थांबली. उरलेलं कोण तपासणार, असा प्रश्न तिथे इतका सरळ उभा होता. मी त्या दिवशी वाचलं असतं तर मला दिसलं असतं. ‘दोघांच्याही नजरेतून निसटलं’ हे एका नजरेबद्दल खोटंच होतं. मी पट्टी बाजूला ठेवली. पाणी प्यायले. मग पुढे वाचत गेले, कारण आता अर्ध्यावर सोडायची हिंमत नव्हती.

शेवटच्या पानावर, शेवटच्या टेस्टमध्ये, सहीसाठी नमुन्याचा मजकूर होता. तमिळ अक्षरांत. कुणी कधी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तमिळ लोकांना ते अर्थहीन वाटलं असणार. मी बोट ठेवून वाचलं, तुम्ही शिकवलंत तसं, एकेक अक्षर.

‘खालपर्यंत आलीस. वाचलीस. काफी माझी.’

मी कितीतरी वेळ त्यावरून बोट उचललं नाही.

मग मी मागचे सगळे बदल उघडले. पहिल्या दोन वर्षांनंतरचे, जेव्हा तुम्ही खेळ बंद केला होतात असं मी समजत होते. तुम्ही बंद केला नव्हता. सात ओळी सापडल्या. ‘पोंगलास घरी ये.’ ‘नवा चष्मा केलो, कोणी बोललं नाही.’ ‘मोठी झालीस, काफी नको का?’ प्रत्येक ओळ फाइलच्या अगदी तळाशी. प्रत्येक बदल मी मंजूर केलेला. मी आले नाही, काफी मागितली नाही, आणि दर वेळी तुम्हाला कळत होतं की हिनं वाचलेलं नाही.

दिवाळीनंतर ‘काही सांगायचं आहे का मज’ म्हणालात, ते या काफीबद्दल होतं. जिन्यात ‘खालपर्यंत?’ विचारलंत, ते उत्तर माहीत असताना विचारलंत. मी खरं बोलावं म्हणून वाट बघत उभे राहिलात. आणि निवेदनात ‘तपासला गेला की नाही हे पाहण्याची जबाबदारी’ लिहिलंत, ते मोठं मन नव्हतंच. ती नुसती खरी गोष्ट होती. मज ठाऊक होतं, तरी जाऊं दिलो.

मग बोलला का नाहीत, रावकाका? इतका राग आलाय मला तुमचा. सात वेळा तुम्हाला कळलं, सात वेळा तुम्ही गप्प बसलात. ऑटोवाल्याला दोन शब्द सुनवायला तुमची जीभ अडली नाही, मला एकदा ‘वैदेही, लबाड, वाचत नाहीस’ म्हणायला काय झालं होतं? मी चिडले असते, मग ओशाळले असते, मग वाचलं असतं. राहिलेली ती ओळ माझ्या लक्षात आली असती. माझा मान राखलात, आणि त्यापायी स्वतःला पोखरून घेतलंत. आणि हे सगळं मी कुणावर ओरडून बोलतेय? भांडण अर्ध्यावर टाकून उठायची तुमची सवय शेवटपर्यंत गेली नाही.

पण मी तुम्हाला दोष देते आणि लगेच माझी मलाच लाज वाटते. नोकरीत, चेन्नईत, या भाषेत, मी तगले ती तुमच्यामुळे. जिन्यातल्या त्या दिवसानंतरही तगले ती तुमच्यामुळेच. मी वाचलं नाही, आणि तरी मी वाचले. तुमच्या मराठीत या दोन्हींना एकच शब्द आहे, आणि मी त्याला हसले होते.

काकूंना मी उद्या सांगणार आहे. कसं, ते ठरलेलं नाही. तुमच्या पंच्याच्या घड्या घालणाऱ्या बाईला ‘काकू, ते मीच’ हे कुठल्या शब्दांत सांगतात?

एक काम मात्र केलंय. तुमचं निवेदन अजून लाखोट्याच्या पानावर आहे, सगळ्यांना वाचता येतं. शेवटी तुमचं नाव, आणि त्याच्याखाली कोरी जागा. तुम्ही तिथेही मोर्तब केलं नव्हतंत. त्या जागेत मी लिहिलं: ‘या बदलाची तपासणी माझ्याकडे होती. मी तो वाचला नव्हता. वाचला, असं मी खोटं सांगितलं.’ खाली माझं नाव. मग ते छापून, पट्टी ठेवून, दोनदा वाचलं आणि पाठवलं.

पण तुमचाच नियम आहे. दुसऱ्या कुणी वाचून मंजूर केल्याशिवाय काही आत जात नाही, निवेदनातली एक ओळसुद्धा नाही. आणि मी काही पाठवलं की रिव्ह्यूच्या रकान्यात सिस्टिम आपणहून तुमचं नाव घालते. कुणाला ते काढायचं सुचलेलं नाही. ते बदलून दुसरं घालता येतं, दोन सेकंदांचं काम आहे. सोमवारपासून आज गुरुवारपर्यंत माझ्याच्यानं ते झालेलं नाही. रोज सकाळी उघडते, तर माझी ती तीन वाक्यं तिथेच थांबलेली असतात आणि शेजारी लिहिलेलं असतं: मुकुंद राव यांच्या प्रतीक्षेत.

काका, फार मोठं नाही हो. खालपर्यंत तीनच ओळी आहेत. वाचा ना.